विष्णुशास्त्र्यांचा राजीनामा आणि माझा

डिप्लोमा संपल्यावर मी भोसरीच्या एका कंपनीत नोकरी केली. नोकरी कसली, सहा-सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. सहा महिने झाले की आठ दिवस घरी बसवायचे आणि नवीन लेटर द्यायचे. ते लेटर मिळेल की नाही हे शेवटच्या दिवसापर्यंत कोणालाच माहीत नसायचं. काम इन्स्पेक्शनचं. दिवसभर व्हर्नियर हातात, समोर एकसारखे जॉब आणि शेजारी रिपोर्टची फाईल. मेकॅनिकलला आलो होतो डिझाईनच्या नादाने. त्या फाईलमध्ये सह्या करताना आपण नक्की काय शिकतोय ते कळेना.

दुसऱ्या ब्रेकनंतर लेटर मिळालं, पण पगार तोच राहिला. त्या रात्री रूमवर बसून मी राजीनामा लिहून काढला आणि घडी करून पाकिटात ठेवला. रूममेट्सचे सल्ले दोन टोकांचे. एक म्हणाला, उद्याच तोंडावर फेक. दुसरा म्हणाला, वेड लागलंय का, बाहेर रांग लागलीय या नोकरीसाठी. घरी महिन्याला तीन हजार पाठवत होतो, त्यामुळे आईला विचारायची हिंमत नव्हती.

त्या रविवारी अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं बघत फिरत होतो. तिथे विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं एक छोटं चरित्र पंधरा रुपयांत मिळालं. शाळेत त्यांच्याबद्दल एकच ओळ पाठ केलेली, ती म्हणजे निबंधमालाकार, मराठी भाषेचे शिवाजी. दोन मार्कांचा प्रश्न. पुस्तक चाळताना एका पानावर 'राजीनामा' हा शब्द दिसला म्हणून घेतलं, खोटं कशाला बोलू!

तर मित्रांनो, या माणसाची गोष्ट थोडक्यात सांगतो.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० चा, पुण्यातलाच. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर त्या काळातले मोठे विद्वान. 'मेघदूता'चं मराठी रूपांतर त्यांनी केलं. अरबी भाषेतल्या सुरस गोष्टींचं भाषांतर त्यांनी सुरू केलं आणि पुढे मुलाने त्याला हातभार लावून ते पूर्ण झालं. कृष्णशास्त्री सरकारी शिक्षणखात्यात वरच्या जागेवर होते. म्हणजे घरात पुस्तकं होती, मान होता आणि सरकारी पगारही होता.

त्या काळात सरकारी नोकरी म्हणजे काय हे आपल्याला आज नीट कळणार नाही. इंग्रजी शिकलेल्या मुलापुढे मोठा रस्ता एकच, सरकारदरबारी चिकटायचं. आपल्या फील्डचंच बघा. आजचं सीओईपी १८५४ साली सुरू झालं तेच मुळी सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसं तयार करून देण्यासाठी. खाजगी कंपन्या, कॅम्पस, पॅकेज असलं काही नव्हतं. बी.ए. झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यांची जागा जवळजवळ ठरलेली.

विष्णुशास्त्री डेक्कन कॉलेजात शिकले आणि १८७२ साली बी.ए. झाले. त्यांना त्यासाठी बरीच वर्षं लागली. अभ्यासक्रमाबाहेरचं वाचन जास्त आणि नावडत्या विषयांचा कंटाळा. म्हणजे केटीवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही! बी.ए. झाल्यावर आधी पुण्यातल्या बाबा गोखल्यांच्या खाजगी शाळेत त्यांनी शिकवलं आणि मग १८७३ मध्ये सरकारी हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. वडिलांच्या खात्यातली नोकरी, तीही पुण्यातच. घरच्यांनी पेढे वाटावेत असं सगळं.

पण या माणसाचा जीव दुसरीकडेच होता. कॉलेजात असल्यापासूनच ते वडिलांच्या 'शालापत्रक' या मासिकाचं काम बघत. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु आणि दंडी या पाच संस्कृत कवींवरचे त्यांचे निबंध त्यातच आले. शालापत्रक शिक्षणखात्याशी जोडलेलं, आणि शास्त्रीबुवांची लेखणी सरकारला आणि मिशनऱ्यांना झोंबणारी. शेवटी सरकारच्या नाराजीमुळे १८७५ मध्ये ते बंद पडलं.

तोपर्यंत त्यांनी स्वतःचं काम सुरू केलेलं होतं. जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' निघाली. मासिक म्हटलं की आपल्याला संपादक मंडळ, लेखक, जाहिराती असं सगळं आठवतं. इथे जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा. दिवसा सरकारी शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात मालेचा अंक लिहायचा. पहिला विषय होता मराठी भाषेची त्या वेळची स्थिती. पुढे इतिहास, भाषांतर, वक्तृत्व, लोकांच्या खुळ्या समजुती, इंग्रज लेखक डॉक्टर जॉन्सन, असे नाना विषय आले. असे एकूण ८४ अंक, सात वर्षांचे. इंग्रजी शिकलेल्या माणसाला मराठीत लिहायची लाज वाटायची त्या काळात, इंग्रजी उत्तम येणारा हा माणूस हट्टाने मराठीत लिहीत होता.

आता विचार करा. पगार सरकारचा आणि लेखणी सरकारवर नाराज. असं किती दिवस चालणार? वरून नोकरी अगदी सुरक्षित, पण मनातलं मोकळेपणाने लिहायचं तर तीच सर्वात असुरक्षित. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये निदान सहा महिने तरी लिहिलेले असतात.

१८७८ साली त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली. आज आपण रत्नागिरीला एका रात्रीत जाऊन हापूसच्या पेट्या घेऊन येतो. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, घाट उतरून नाहीतर मुंबईहून बोटीने जायचं. निबंधमाला पुण्यात, मित्र पुण्यात, छापखान्याचं काम पुण्यात आणि हे समुद्रकाठी. लिखाणाची शिक्षा म्हणून ही बदली झाली असं अनेकांनी मानलं. त्याच वर्षी वडील कृष्णशास्त्रीही वारले. विष्णुशास्त्र्यांचं वय २८. घरातला मोठा आधार गेला, जबाबदारी अंगावर आली आणि नोकरी अशा ठिकाणी जिथे मन लागत नाही.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, आता हा माणूस चिडून राजीनामा फेकणार. माझ्या पाकिटातला कागद मला आठवत होता. पण तसं झालं नाही. विष्णुशास्त्री रत्नागिरीला गेले. गपचूप रुजू झाले, वर्गावर शिकवू लागले. राजीनामा दिला तो १८७९ मध्ये.

मधल्या काळाचा हिशोब मी एका कागदावर मांडला, कारण पुस्तकात त्या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या होत्या. तारखा एकाखाली एक लिहिल्यावर चित्र स्पष्ट झालं. निबंधमाला १८७४ पासून चालूच होती, तिला ठरलेला वाचक होता आणि बदलीनंतरही ती बंद पडली नाही. जुनी काव्यं आणि ऐतिहासिक कागद छापण्यासाठी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर सुरू झालं. त्याच वर्षी बाळकृष्णपंत जोशी वगैरे मित्रांबरोबर 'चित्रशाळा' निघाली. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं इथे देशी माणसांनीच छापायची, हा तिचा उद्देश. म्हणजे राजीनाम्याआधीच दोन मासिकं आणि एक छापखाना उभा होता. बरोबर काम करणारी माणसं ठरलेली होती. आणि पुढे काय करायचं तेही ठरलेलं होतं. पुण्यात स्वतःची शाळा काढायची.

शाळाच का? कारण शिकवणं त्यांना येत होतं. सात वर्षं तेच केलं होतं. नावडतं होतं ते शिकवणं नाही, तर कोणाच्या हुकमाखाली शिकवायचं ते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटला. आपण नोकरीला कंटाळतो तेव्हा कामाला कंटाळलोय, की साहेबाला, की त्या ठिकाणाला, हे वेगवेगळं करून बघतच नाही. सगळ्याचा एकच गोळा करतो आणि वैतागतो.

शास्त्रीबुवा नोकरी सोडून शाळा काढणार ही बातमी पुण्यात पसरली. त्या वेळी डेक्कन कॉलेजात दोन तरुण असाच विचार करत होते. एक बाळ गंगाधर टिळक, नुकतेच एलएल.बी. झालेले, आणि दुसरे गोपाळ गणेश आगरकर, एम.ए.चा अभ्यास करणारे. दोघे येऊन शास्त्रीबुवांना भेटले. कामाला अशी माणसं मिळाली, पण लक्षात घ्या, ती त्यांच्या ठरवण्यानंतर मिळाली. हे तिघे, आणि पुढे त्यांना मिळालेले माधवराव नामजोशी आणि वामन शिवराम आपटे, यातल्या कोणालाही सरकारी नोकरी मिळणं अवघड नव्हतं.

जानेवारी १८८० च्या पहिल्या दिवसांत बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. मोठी इमारत नाही, सरकारी ग्रँट नाही. चालवणाऱ्यांच्या हाती पडणारा पैसा अगदीच थोडा. विष्णुशास्त्र्यांनी ठरलेला सरकारी पगार सोडला होता, त्यामुळे सर्वात जास्त पणाला लागलं होतं त्यांचंच. टिळक वकिली करू शकले असते, आगरकरांचं शिक्षण चालू होतं. शास्त्रीबुवांना मागे फिरायला रस्ता नव्हता. एकदा सोडलेली सरकारी नोकरी सरकारला झोडपणाऱ्या माणसाला परत कोण देणार?

शाळा चालली. वामनराव आपट्यांसारखा संस्कृतचा पंडित शिकवायला आल्यावर तिचं नाव आणखी झालं. १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी दोन वर्तमानपत्रं काढली. २ तारखेला इंग्रजी 'मराठा' आणि ४ तारखेला मराठी 'केसरी'. त्यांच्या छपाईसाठी आर्यभूषण छापखाना. निबंधमालेच्या शेवटच्या भागात विष्णुशास्त्र्यांनी 'आमच्या देशाची स्थिति' हा निबंध लिहिला. सरकारी नोकरीत असते तर तो लिहिता आलाच नसता. त्यात किती दारू भरली होती ते यावरून कळेल की तीस वर्षांनी, १९१० मध्ये, इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली आणि ती उठली १९३७ मध्ये. तोवर लेखक जाऊन अर्धशतक उलटलं होतं.

आता थोडं कडू सांगतो, नाहीतर ही गोष्ट मोटिव्हेशनल भाषणासारखी होईल. विष्णुशास्त्र्यांना राजीनाम्यानंतर अडीच वर्षंही मिळाली नाहीत. १७ मार्च १८८२ ला आजारपणात ते वारले. वयाची ३२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षी कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर केलेल्या टीकेच्या खटल्यात टिळक-आगरकरांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. ते बघायला शास्त्रीबुवा नव्हते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं. तेही त्यांनी पाहिलं नाही. म्हणजे नोकरी सोडली आणि सगळं छान झालं, असा हिशोब इथे लागत नाही.

आणखी एक. त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत. जोतीराव फुल्यांवर त्यांनी निबंधमालेत केलेली टीका आज वाचताना बोचते. त्यात विद्वत्तेचा आणि जातीचा तोरा दिसतो, आणि फुले जे सांगत होते ते त्यांना ऐकूच आलं नाही. गंमत म्हणजे त्याच पुण्यात, त्याच काळात, जोतीराव स्वतः कोणाच्या नोकरीत नव्हते. ते कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. कोणाच्या पगारावर अवलंबून नसल्यामुळे त्यांना भटशाहीवरही लिहिता आलं आणि सरकारी अधिकाऱ्यांवरही. एकमेकांना मुळीच न पटणाऱ्या या दोन पुणेकरांत एवढी एक गोष्ट सारखी निघाली. आपलं म्हणणं मोकळं मांडायचं तर आपल्या भाकरीची सोय आपल्या हातात पाहिजे.

आणि राजीनाम्यांची ही मालिका विष्णुशास्त्र्यांवर थांबली नाही. आगरकर १८८७ मध्ये केसरीतून बाहेर पडले, कारण सामाजिक सुधारणांबद्दल त्यांना जे म्हणायचं होतं ते तिथे बसेना. वर्षभराने, १८८८ मध्ये, त्यांनी 'सुधारक' काढला. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. म्हणजे एकाने सरकारी नोकरी सोडून जे उभं केलं तेसुद्धा पुढे दुसऱ्यांना अपुरं पडलं. स्वतः काढलेली संस्थासुद्धा सोडावी लागते कधीकधी. पण तिथेही बघा, बाहेर पडलेला माणूस हातात काहीतरी घेऊनच पडला. आगरकरांच्या हातात लवकरच 'सुधारक' आला आणि टिळकांच्या हातात केसरी होताच.

असो. त्या रात्री मी पाकिटातला कागद काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने केले. एका बाजूला शास्त्रीबुवांनी राजीनाम्याआधी तयार ठेवलेल्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला माझ्या. पहिला रकाना भरला. दुसऱ्यात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त राग होता, आणि राग काही रकान्यात लिहिता येत नाही.

मग मी स्वतःला तोच प्रश्न विचारला. मी कशाला कंटाळलोय? मशीन, ड्रॉइंग, माप याला नाही. रोज तेच माप घेण्याला आणि पुढे कधीच न सरकण्याला. म्हणजे फील्ड बरोबर होतं, जागा चुकीची होती. डिप्लोमावाल्यांना डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश मिळतो हे माहीत होतं, पण गणिताची भीती वाटत होती. पुढचे आठ महिने मी नोकरी केली. सेकंड शिफ्ट मागून घेतली आणि सकाळी मॅथ्स केलं. घरी पाठवायच्या पैशांना हात न लावता मेसचे, चहाचे वाचवून पहिल्या वर्षाच्या फीची अर्धी रक्कम जमवली. बाकी अर्ध्यासाठी शेवटी आईला सांगावंच लागलं. ती एवढंच म्हणाली की आधी का नाही बोललास. अॅडमिशनच्या यादीत नाव आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. जुना कागद नाही, नवीन लिहिला. जुन्यात चार ओळी रागाच्या होत्या, नव्यात त्यांची गरज उरली नव्हती.

हे काही फार मोठं नाही. विष्णुशास्त्र्यांनी शाळा काढली, मी फक्त कॉलेजात अॅडमिशन घेतली. फायनल इयरला आलो तरी सेकंड इयरच्या एम-थ्रीचे किस्से मित्र अजून सांगतात. पण आता डिप्लोमाचे जुने मित्र फोन करून विचारतात, वैताग आलाय, सोडू का रे? मी त्यांना हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. एक कागद घे आणि दोन रकाने कर, एवढंच सांगतो. अर्थात जिथे जिवाला धोका आहे, पगारच मिळत नाही किंवा रोजचा अपमान सहन होत नाही, तिथे रकाने करत बसू नका. तिथून उठा. बाकी ठिकाणी मात्र जिथे जायचं तिथली एक तरी वीट आधी रचून ठेवा. नोकरीत असताना रचता येते, हे त्या माणसाने वर्गावर शिकवता शिकवता करून दाखवलं आहे.

परवा बुधवार पेठेत गेलो होतो, सेमिनारसाठी पुस्तक हवं होतं. मेट्रोतून वर आलो आणि गर्दीतून चालताना सहज मनात आलं, इथेच कुठेतरी आसपास १८८० च्या जानेवारीत एक २९ वर्षांचा माणूस पक्की नोकरी सोडून नव्या शाळेचं दार उघडत असेल. पुढे काय होणार हे त्यालाही माहीत नव्हतं. मग अप्पा बळवंत चौकात त्याच जुन्या पुस्तकांपाशी थोडा वेळ थांबलो. या वेळी तीन पुस्तकं घेतली. घासाघीस केली नाही.